व्होल्टामोग्रॅमवर पुन्हा पुन्हा येणारी ५० हर्ट्झची लहर: केबल, शिल्ड आणि अर्थिंग तपासण्याचा क्रम

लक्षण ओळखीचं आहे. काल सायक्लिक व्होल्टामोग्रॅम (द्रावणातल्या इलेक्ट्रोडचं पोटेन्शियल, म्हणजे व्होल्टेज, वर-खाली फिरवून काढलेला करंटचा आलेख) स्वच्छ आला होता. आज रेष जाड झाली आहे, किंवा दातेरी. केबल हलवली, क्लिप बदलली, बीकरभोवती अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळली की जरा बरं वाटतं आणि आठवड्याभरात पुन्हा तेच. फॉइलने नक्की काय सुधारलं हे कळलेलं नसतं, म्हणून दुखणं परत येतं. नॉइज कोणत्या तारेतून आत शिरतोय हे आधी ठरवायचं आणि मगच शिल्डिंगला हात घालायचा. बहुतेक वेळा तो रेफरन्स इलेक्ट्रोडच्या तारेतून शिरतो, आणि लोक मात्र वर्किंगची तार झाकत बसतात.

खालचा क्रम पोटेन्शिओस्टॅट (पोटेन्शियल हवं तिथे धरून करंट मोजणारं यंत्र) आणि तीन इलेक्ट्रोडच्या काचेच्या सेलसाठी आहे: वर्किंगवर मोजणी होते, रेफरन्स पोटेन्शियलचं स्थिर माप देतो, काउंटरमधून करंटची वाट पूर्ण होते. बॅटरी आणि इम्पिडन्सचं (एसीला होणाऱ्या रोधाचं) वेगळं प्रकरण पुढे आहे.

आधी आलेख वाचा

सॉफ्टवेअरमधलं स्मूदिंग बंद करून कच्चा डेटा बघा. ५० हर्ट्झचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं. स्कॅन रेट सेकंदाला १०० मिलिव्होल्ट असेल तर तेवढ्या वेळात पोटेन्शियल २ मिलिव्होल्ट पुढे जातं, ५० असेल तर १ मिलिव्होल्ट. लहरीची शिखरं दर २ मिलिव्होल्टला येत होती आणि रेट निम्मा केल्यावर दर १ मिलिव्होल्टला यायला लागली, तर ती मेन्सचीच, म्हणजे भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेची. रेट बदलूनही एखादं शिखर जवळपास त्याच पोटेन्शियलला बसून राहिलं तर ते रसायनाचं आहे, त्यासाठी केबल उघडू नका.

यात एक फसवणूक आहे आणि तिच्यापायी पुष्कळ वेळ वाया जातो. सेकंदाला ५० मिलिव्होल्टचा स्कॅन आणि दर मिलिव्होल्टला एक नोंद, म्हणजे सेकंदाला ५० नोंदी. मेन्स काटेकोर ५० हर्ट्झ असती तर प्रत्येक नोंद लहरीच्या एकाच टप्प्यावर पडली असती आणि लहर दिसलीच नसती. पण आपल्या ग्रिडची वारंवारता साधारण ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात सरकत असते. समजा त्या क्षणी ती ४९.९२ आहे. फरक ०.०८ हर्ट्झचा, म्हणजे साडेबारा सेकंदांची संथ लहर, आणि आलेखावर ६२५ मिलिव्होल्ट रुंदीचा गुळगुळीत उंचवटा! तो दातेरी नसल्यामुळे नॉइज वाटत नाही. द्रावणात अशुद्धी आहे असं समजून लोक इलेक्ट्रोड पॉलिश करत राहतात आणि उंचवटा दर वेळी नव्या जागी उगवतो.

म्हणून नॉइज व्होल्टामोग्रॅमवर मोजूच नका. पोटेन्शियल स्थिर ठेवून क्रोनोअँपेरोमेट्री (वेळेबरोबर करंटची नोंद) लावा, दर मिलिसेकंदाला एक नोंद, एकूण एक सेकंद. सुरुवातीचा करंट उतरू द्या आणि मग त्या सेकंदातली आवर्तनं मोजा. ५० आली तर मेन्स. १०० आली तर रेक्टिफायर असलेला एखादा पॉवर सप्लाय किंवा चोकवाली ट्यूबलाइट. मोजता न येणारी दाट पट्टी दिसली तर स्विचिंग सप्लाय, एलईडी ड्रायव्हर, किंवा खुद्द पोटेन्शिओस्टॅट आंदोलित होतोय. लहर नसून अधूनमधून एकेकटे काटे येत असतील तर आसपास रिले शोधा: वॉटर बाथचा थर्मोस्टॅट, फ्रीजचा किंवा एसीचा कॉम्प्रेसर. हात सेलजवळ नेताच करंट हलत असेल तर कुठली तरी तार उघडी आहे. केबल हलवल्यावरच हलत असेल तर सांधा सैल आहे, किंवा कोअॅक्सच्या आत (मधे तारेचा गाभा, भोवती इन्सुलेशन आणि त्यावर शिल्डची जाळी असलेल्या केबलमध्ये) इन्सुलेशन आणि जाळी घासून चार्ज तयार होतोय.

नॉइज कुठे वाढतो

दोन उघड्या धातूंमध्ये नुसत्या हवेतून १ पिकोफॅरड कपॅसिटन्स सहज असतो. २३० व्होल्टच्या वायरपासून तेवढ्या कपॅसिटन्समधून ५० हर्ट्झला ७२ नॅनोअँपिअर वाहतात. एक्स्टेंशन बोर्ड जरा लांब असला, कपॅसिटन्स ०.१ पिकोफॅरडवर आला, तरी ७ नॅनोअँपिअर उरतातच.

हे ७ नॅनोअँपिअर वर्किंगच्या तारेत शिरले तर आलेखावर ७ नॅनोअँपिअरच दिसतात. मायक्रोअँपिअरच्या व्होल्टामोग्रॅममध्ये त्याची फिकीर नाही.

तेच रेफरन्सच्या तारेत शिरले तर हिशोब फिरतो. पोटेन्शिओस्टॅटचा रेफरन्स इनपुट करंट घेत नाही, त्यामुळे हा करंट रेफरन्स इलेक्ट्रोडच्या फ्रिटमधूनच (टोकाच्या सच्छिद्र बुचातूनच) द्रावणात जातो. फ्रिट ठीक असेल, रोध ५ किलोओहम असेल, तर ३६ मायक्रोव्होल्टची चूक होते. फ्रिट चोंदून रोध १ मेगाओहमवर गेला असेल तर ७ मिलिव्होल्ट. पोटेन्शिओस्टॅट या ७ मिलिव्होल्टला खरं मानतो आणि ते खोडून काढायला वर्किंगचं पोटेन्शियल सेकंदाला ५० वेळा हलवतो. ३ मिलिमीटर व्यासाच्या ग्लासी कार्बनचं क्षेत्रफळ ०.०७ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला २० मायक्रोफॅरड धरले तर डबल लेअर (इलेक्ट्रोड आणि द्रावण यांच्या सीमेवर बनणारा कपॅसिटर) १.४ मायक्रोफॅरडचा झाला. त्याच्यावर ५० हर्ट्झला ७ मिलिव्होल्ट लावले की ३ मायक्रोअँपिअर वाहतात. त्याच इलेक्ट्रोडचा सेकंदाला १०० मिलिव्होल्टचा मूळ चार्जिंग करंट जेमतेम ०.१४ मायक्रोअँपिअर असतो. शिरले नॅनो, निघाले मायक्रो.

फॉइल गुंडाळल्यावर बरं वाटतं ते यामुळे: ०.१ पिकोफॅरडचा ०.०१ होतो आणि लहर दहा पटीने उतरते. पण फ्रिट चोंदतच राहतो, आणि दहा पट कधी भरून निघते ते कळतही नाही.

तपासणीचा क्रम

यंत्राकडून सेलकडे जायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर वर सांगितलेली एक सेकंदाची नोंद घ्यायची.

१. १ मेगाओहमचा, १ टक्का अचूकतेचा मेटल फिल्म रेझिस्टर घ्या. एका टोकाला रेफरन्स आणि काउंटर, दुसऱ्या टोकाला वर्किंग (सेन्सची, म्हणजे वर्किंगचं व्होल्टेज वाचणारी, तार वेगळी असेल तर तीही). रेझिस्टर पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि डबा केबलच्या ग्राउंड टोकाला जोडा. उणे ०.५ ते अधिक ०.५ व्होल्ट स्कॅन करा. उणे ५०० ते अधिक ५०० नॅनोअँपिअर अशी सरळ, बारीक रेष यायला हवी. इथेच लहर असेल तर दोष यंत्रात, केबलमध्ये किंवा सॉकेटच्या अर्थिंगमध्ये आहे. सेलकडे बघूच नका.

२. रेष सरळ आहे पण उतार चुकतोय, तर केबलमध्ये गळती किंवा संपर्क-रोध आहे. केबल यंत्रापासून काढा. मल्टिमीटरने गाभा ते जाळी तपासा, पूर्ण ओपन यायला हवं. मग गाभा ते क्लिप, ०.५ ओहमच्या आत. मीटर लावलेला असतानाच क्लिपजवळची पहिली ५ सेंटिमीटर केबल हलवून, वाकवून बघा. तार तुटते ती जवळजवळ नेहमी तिथेच, इन्सुलेशनच्या आत, बाहेरून काही न दिसता.

३. आता खरा सेल, पण रेफरन्सच्या जागी चांदीची नुसती तार. पोटेन्शियल सरकेल, सरकू द्या. लहर गेली तर गुन्हेगार रेफरन्स इलेक्ट्रोड. पुढचं सगळं शिल्डिंग तूर्त बाजूला ठेवा.

४. चांदीच्या तारेनेही लहर राहिली तर आसपासची यंत्रं एकेक करून बंद करा, आणि बंद म्हणजे प्लग सॉकेटमधून बाहेर. भारतात बऱ्याच बोर्डांवर स्विच न्यूट्रलवर बसलेला सापडतो. तसं असेल तर स्विच बंद करूनही यंत्राची वायर २३० व्होल्टवरच असते आणि तिचं विद्युत क्षेत्र जसंच्या तसं राहतं.

५. मग सेलभोवती धातूचा पिंजरा, तो कसा ते पुढे आहे.

रेफरन्स इलेक्ट्रोड

चोंदण्याची कारणं ठरलेली आहेत. पोटॅशियम क्लोराइडचे स्फटिक फ्रिटच्या छिद्रांत बसतात. परक्लोरेटच्या द्रावणात पोटॅशियम परक्लोरेटचा साका बसतो, कारण ते पाण्यात फारच कमी विरघळतं. सोडियम परक्लोरेट वापरणाऱ्या प्रयोगशाळेत ‘रेफरन्स महिनाभरही टिकत नाही’ ही तक्रार असेल तर दुसरं कारण शोधायची गरज नाही. मध्ये सोडियम क्लोराइड किंवा सोडियम नायट्रेट भरलेलं डबल जंक्शन (रेफरन्सभोवतीची दुसरी फ्रिटवाली नळी) घाला. तिसरं कारण हवेचा बुडबुडा, फ्रिटच्या मागे किंवा लगिन केशिकेत (रेफरन्सचं टोक वर्किंगजवळ नेणाऱ्या बारीक नळीत) अडकलेला. इलेक्ट्रोड उभा धरून टोकाशी बोटाने टिचक्या मारल्या की तो वर निघून जातो. चौथं, फ्रिट कोरडा पडणं. इलेक्ट्रोड रात्रभर स्टँडला लटकत राहिला की सकाळी त्याचा रोध मेगाओहममध्ये असू शकतो आणि तासभर भिजल्यावर तो आपोआप बरा होतो. काल ठीक, आज बिघाड, दुपारी पुन्हा ठीक, या कोड्याचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं.

रोध मोजायचा तो मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर नाही. मल्टिमीटर एकाच दिशेने करंट ढकलतो, इलेक्ट्रोड ध्रुवित होतो आणि आकडाही खोटा येतो. पोटेन्शिओस्टॅटलाच कामाला लावा: संशयित रेफरन्सला वर्किंगची तार, काउंटर आणि रेफरन्स दोन्ही तारा एका मोठ्या प्लॅटिनम तारेला, दोन्ही इलेक्ट्रोड पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात, ओपन सर्किट पोटेन्शियलला (करंट वाहत नसतानाच्या पोटेन्शियलला) ५ ते १० मिलिव्होल्टची लहर, आणि १ किलोहर्ट्झचा इम्पिडन्स वाचा. १ किलोओहमच्या आसपास असेल तर उत्तम. ५ किलोओहमच्या वर गेला की फ्रिट बदलायच्या यादीत टाका. डबल जंक्शन असेल तर जरा जास्त चालवून घ्यावं लागतं.

रेफरन्सचा रोध आणि केबलचा कपॅसिटन्स मिळून आणखी एक घोळ घालतात. साध्या कोअॅक्सचा कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. २ मीटर केबलचे २०० पिकोफॅरड आणि १ मेगाओहमचा फ्रिट, म्हणजे ८०० हर्ट्झच्या वर पोटेन्शिओस्टॅटला रेफरन्स उशिरा दिसतो. उशिरा दिसणाऱ्या संकेतावर तो दुरुस्ती करत राहतो, ती जागच्या जागी उलटी पडते आणि यंत्र आंदोलित होतं. ओव्हरलोडचा दिवा लागतो, करंट रेंजच्या दोन्ही टोकांना आपटतो. सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल अँप्लिफायरचा वेग कमी करता येत असेल तर तो आधी कमी करा. अजलीय द्रावकात, जिथे रोध मुळातच जास्त असतो, तिथे जोडउपाय म्हणजे रेफरन्सच्या टोकाशेजारी एक प्लॅटिनम तार बुडवून ती ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून रेफरन्सच्याच क्लिपला जोडायची. डीसीला ती तार दिसतच नाही, १० किलोहर्ट्झला मात्र तिचा मार्ग १६० ओहमचा होतो. कपॅसिटर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिन फिल्मचा हवा. इलेक्ट्रोलिटिक लावलात तर त्याच्या गळतीने रेफरन्स हळूहळू बिघडेल. इम्पिडन्स मोजताना ही तार काढून ठेवलेली बरी, वरच्या वारंवारतेला ती स्वतःची नक्षी काढते.

शिल्ड कुठे जोडायची, कुठे नाही

शिल्ड एकाच टोकाला जोडायची, यंत्राच्या. इलेक्ट्रोडच्या टोकाला जाळी कापून, मागे सारून, हीट श्रिंकखाली बंद करायची. दोन्ही टोकं जोडली की जाळीतून अर्थचा करंट वाहतो आणि ती स्वतःच नॉइज पेरायला लागते. क्लिपजवळ जाळीचा एखादा केसाएवढा तंतू बाहेर राहून गाभ्याला टेकतो, तेव्हा तर शिल्डिंग केल्यावर नॉइज वाढतो आणि लोक चक्रावून जातात.

दुसरी गोष्ट जास्त महाग पडते. सगळ्या शिल्ड ग्राउंडच्या नसतात. काही यंत्रांत रेफरन्सची आणि सेन्सची जाळी यंत्र स्वतः गाभ्याच्याच व्होल्टेजवर चालवतं, म्हणजे दोघांमध्ये फरक उरत नाही आणि केबलचा कपॅसिटन्स जाणवत नाही. अशी जाळी पिंजऱ्याला किंवा दुसऱ्या तारेच्या जाळीला जोडली की तो अँप्लिफायर शॉर्ट होतो. एक्स्टेंशन बनवताना चारही जाळ्या एकत्र पिळून एकच डाग (सोल्डर) देण्याची सवय म्हणून वाईट. मॅन्युअलमध्ये ‘ड्रिव्हन शिल्ड’ किंवा ‘गार्ड’ हा शब्द आहे का ते आधी बघा. असेल तर प्रत्येक जाळी वेगळी, प्रत्येकीवर इन्सुलेशन.

रंगांवर विसंबू नका. गॅमरीच्या केबलला हिरवा म्हणजे वर्किंग, निळा वर्किंग सेन्स, पांढरा रेफरन्स, लाल काउंटर, काळा ग्राउंड. सीएच इन्स्ट्रुमेंट्सलाही हिरवा वर्किंग, पांढरा रेफरन्स, लाल काउंटर. मेट्रोह्म ऑटोलॅबला मात्र लाल वर्किंग, निळा रेफरन्स, काळा काउंटर आणि हिरवा ग्राउंड. ऑटोलॅबवर हात बसलेला विद्यार्थी गॅमरीवर गेला की सवयीने हिरवी क्लिप पिंजऱ्याला लावतो, आणि मग वर्किंगची तारच पिंजऱ्याएवढा अँटेना होते. दोन्ही यंत्रं असलेल्या प्रयोगशाळेत प्रत्येक क्लिपला मराठीत चिठ्ठी चिकटवणं हा शून्य खर्चाचा उपाय आहे.

पिंजऱ्यासाठी महागडा फॅरडे केज लागत नाही. १५ किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा, किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा लोखंडी पॅनेल बॉक्स पुरतो. डब्याच्या कडा घासून घ्या, केबलसाठी २० मिलिमीटरचं भोक पाडा आणि त्यात रबरी ग्रोमेट बसवा. पॅनेल बॉक्सवर पावडर कोटिंग असतं, त्यामुळे बोल्टखालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा. दाराची बिजागरी विजेच्या दृष्टीने जोड धरायची नाही. दार आणि पेटी यांच्यात तांब्याची चपटी वेणी बोल्टने बसवा. रेझिस्टर जोडलेला असताना दार उघडून-मिटून लहर मोजा. फरक पडत नसेल तर पिंजरा ग्राउंडला लागलेलाच नाही.

पिंजरा केबलच्या ग्राउंड टोकाला जोडायचा, हे पक्कं. शिवाय सॉकेटच्या अर्थला जोडायचा का, हे यंत्र फ्लोटिंग (आतून अर्थला न जोडलेलं) आहे की नाही यावर ठरतं. मॅन्युअल बघा, मग दोन्ही प्रकारे मोजून जे शांत असेल ते ठेवा. एक अपवाद: पिंजऱ्याच्या आत २३० व्होल्टवर चालणारा स्टरर ठेवला असेल तर पिंजरा अर्थ केलाच पाहिजे, नॉइज वाढला तरी.

एक्स्टेंशन केबल बनवायचीच असेल

शक्यतो बनवू नका, यंत्र सेलजवळ न्या. ग्लोव्ह बॉक्स किंवा भट्टी असल्यामुळे इलाज नसेल, तर:

आरजी-१७४ कोअॅक्स घ्या. सुमारे पावणेतीन मिलिमीटर जाड, लवचीक, स्वस्त. गरम जागी आरजी-३१६, तिचं इन्सुलेशन टेफ्लॉनचं असल्याने डाग देताना वितळत नाही. १७४ चं पॉलिथिन वितळतं, गाभा सरकून जाळीला टेकतो. म्हणून आधी गाभ्याला कथील चढवून घ्या आणि सांध्याला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त उष्णता देऊ नका. यंत्राच्या बाजूला मूळ केबलला जुळणारे कनेक्टर, सेलच्या बाजूला सोन्याचा मुलामा दिलेल्या लहान क्रोकोडाइल क्लिप. सेलच्या बाजूला बाहेरचं कवच ३० मिलिमीटर सोला, जाळी २० मिलिमीटर मागे कापा, तिच्यावर १५ मिलिमीटरची हीट श्रिंक नळी चढवा आणि मगच गाभा क्लिपला डाग द्या. क्लिपच्या मागच्या पाकळ्या कवचावर दाबून बसवा, म्हणजे ओढ सांध्यावर येत नाही. उघडा गाभा १० मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवू नका. शेवटी फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तो हवेतला ओलावा धरतो.

रेफरन्स आणि काउंटरच्या तारा एकत्र बांधू नका. काउंटर हा यंत्राचा आउटपुट आहे. त्याला बाहेरचा नॉइज सहसा लागत नाही, पण त्याच्यावरचं व्होल्टेज झोके घेतं आणि ते शेजारच्या रेफरन्समध्ये उतरतं. दोन्हींमध्ये बोटभर अंतर पुरे. सगळ्या केबल टेबलाला टेपने चिकटवा. पंख्याच्या वाऱ्याने हलणारी कोअॅक्स नॅनोअँपिअरच्या खाली सहज दिसते. पिकोअँपिअर मोजायचे असतील तर इन्सुलेशनवर ग्राफाइटचा थर असलेली लो-नॉइज कोअॅक्स घ्यावी लागते, तिथे काटकसर नको.

अर्थिंग

अर्थची पिन कापून किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावून ग्राउंड लूप (एकाहून जास्त वाटांनी अर्थला जोडल्याने बनलेलं वेटोळं) तोडायचा सल्ला अजूनही दिला जातो. लहर जाते, हे खरं. पण नंतर कधी यंत्रात इन्सुलेशन फुटलं तर पेटी २३० व्होल्टवर येते आणि तुमचा हात ओल्या सेलवर असतो. हा उपाय करूच नका.

लूप तोडायच्या सुरक्षित जागा दुसऱ्या आहेत. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. लहर गेली तर यूएसबी आयसोलेटर लावा, तेवढ्यात काम होतं. पोटेन्शिओस्टॅट, कॉम्प्युटर आणि स्टरर एकाच बोर्डवर घ्या, म्हणजे अर्थमध्ये फरक राहत नाही. सॉकेट तपासताना मल्टिमीटर एसी व्होल्टवर: फेज ते अर्थ २३० च्या आसपास, न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्टच्या आत. न्यूट्रल ते अर्थ १० व्होल्ट दिसले, किंवा फेज ते अर्थ १२०-१५० असं काहीतरी अधांतरी दिसलं, तर अर्थची वायर कुठेतरी सुटली आहे किंवा अर्थ पिट कोरडा पडला आहे. ते काम इलेक्ट्रिशियनचं. उन्हाळ्यात वाढणारी आणि पहिल्या पावसानंतर कमी होणारी लहर बऱ्याचदा पिटची असते. चौरस लहरीचा स्वस्त इन्व्हर्टर मात्र कुठल्याही अर्थिंगने शांत होत नाही, त्याच्यावर यंत्र चालवू नका.

सेलमध्ये शिरणारे दुसरे अर्थही बघा. त्याच बीकरमध्ये पीएच मीटर बुडवलेला असेल तर त्याच्या रेफरन्समधून द्रावण अर्थ होतं. मोजणी चालू असताना तो बाहेर काढा. जॅकेटच्या सेलला बाथचं पाणी जोडलेलं असेल तर नळाचं पाणी हीटरच्या अर्थपासून सेलच्या काचेपर्यंत वाहक आहे आणि काचेतून कपॅसिटन्सने जोड होते. नळाऐवजी डिस्टिल्ड पाणी भरलं की पुष्कळ फरक पडतो. लोखंडी स्टँडचा बॉस (क्लॅम्प धरणारा सांधा) आणि क्लिप एकमेकांना टेकल्या आहेत का, तेही बघून घ्या.

कमी रोधाच्या मोजणीत सगळं उलटं

बॅटरी, सुपरकपॅसिटर, इंधन सेल. इथे विद्युत क्षेत्राची भीती नाही, चुंबकीय क्षेत्राची आहे. त्याला तेलाचा डबा आवरत नाही आणि अ‍ॅल्युमिनियमची पेटीही नाही: ५० हर्ट्झला तांब्यातसुद्धा क्षेत्र ९ मिलिमीटर खोल शिरतं. उपाय अंतर आणि पीळ. करंटच्या दोन तारा, वर्किंग आणि काउंटर, एकमेकींभोवती पिळा. व्होल्टेजच्या दोन तारा, सेन्स आणि रेफरन्स, वेगळ्या पिळा. या दोन जोड्या सेलला विरुद्ध बाजूंनी आणा. १० किलोहर्ट्झला १ मायक्रोहेन्री म्हणजे ६३ मिलिओहम. तुमची बॅटरी २० मिलिओहमची असेल तर नायक्विस्ट आलेखाची (इम्पिडन्सच्या दोन घटकांच्या आलेखाची) वरच्या वारंवारतेची शेपटी अक्षाखाली ओढली जाते ती बहुतेक तारांमुळे. पीळ सोडून आणि पुन्हा घालून मोजा. शेपटी हलली तर तिच्यात बॅटरीचा गुण शोधू नका.

पावसाळ्यातली गळती

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर एक वेगळा दोष येतो: लहर नाही, पण शून्य रेषा सरकलेली, आणि एसी चालू केल्यावर तासाभरात जागेवर. क्लिपच्या प्लॅस्टिकवर, इलेक्ट्रोडच्या टोपीवर मिठाचा अदृश्य थर असतो, तो दमट हवेत ओला होतो. १ गिगाओहमची वाट तयार झाली की १ व्होल्टला १ नॅनोअँपिअर गळतो. डिस्टिल्ड पाण्याने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि कोमट हवेने वाळवा. नुसतं अल्कोहोल वापरू नका, मीठ त्यात विरघळत नाही. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेत राहिलेल्या क्लिपवर हिरवा थर दिसला तर घासत बसू नका, क्लिप कापून नवी लावा. रात्री केबल हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा आणि रेफरन्स इलेक्ट्रोड त्याच्याच भरण-द्रावणात बुडवून.

सेटिंगमधलं एक

अमेरिकेतून आलेल्या काही यंत्रांत मेन्सची वारंवारता ६० हर्ट्झ ठेवलेली असते. करंट एका पूर्ण आवर्तनावर सरासरी काढला की मेन्सची लहर शून्य होते, पण ६० च्या सेटिंगला ती सरासरी १६.७ मिलिसेकंदांची निघते. आपलं आवर्तन २० चं. मग लहरीचा जवळजवळ पाचवा भाग शिल्लक राहतो, कितीही शिल्डिंग केलं तरी. सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं किंवा यंत्र सर्व्हिसिंगहून आलं की हे सेटिंग गुपचूप ६० वर परत जातं, म्हणून वरच्या क्रमातली पहिली रेझिस्टरची चाचणी घेण्याआधी तेवढं बघून घ्या.